गाडी सिग्नलला बंद का पडते?
(दहावी १९९६ च्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यातील भाषण)



संयोजकांनी मला सांगितलं, "तू सॉफ्टवेअरमधली आहेस, कृत्रिम बुद्धिमत्तेवर बोल." मी म्हटलं, त्यावर रोज कोणी ना कोणी बोलतंच आहे. मला जुन्या गाडीवर बोलू द्या. आपल्यापैकी बऱ्याच जणींच्या घरी अजून एखादी जुनी गाडी आहे. कुणाच्या बाबांची, कुणाच्या सासऱ्यांची, कुणी स्वतःच्या पहिल्या पगारातून घेतलेली. आणि ती कधी ना कधी सिग्नलला बंद पडते. मागचे हॉर्न वाजवतात आणि आपण किल्ली फिरवत बसतो. असं का होतं आणि कारण कसं शोधायचं, एवढाच आजचा विषय.

ज्या गाडीवरून मी हे शिकले ती तुमच्यातल्या काहीजणींना आठवत असेल. आमची पांढरी मारुती ८००. मी नववीत होते तेव्हा, १९९५ च्या पाडव्याला, बाबांनी ती घेतली. तिच्यात दाटीवाटीने बसून आपण सहाजणी सिंहगडाच्या पायथ्याला गेलो होतो. पहिली मारुती ८०० ग्राहकाच्या हाती पडली १४ डिसेंबर १९८३ रोजी, आणि जानेवारी २०१४ मध्ये तिचं उत्पादन थांबलं. इंजिन ७९६ सीसीचं, तीन सिलिंडरचं. गाडीची रुंदी १,४४० मिलिमीटर, म्हणजे दीड मीटरसुद्धा नाही. शनिवार पेठेत राहणाऱ्यांना या आकड्याचं मोल वेगळं सांगायला नको. आमच्या बोळातून वळून आत येणारी आणि तरी शेजारी स्कूटर उभी करू देणारी दुसरी गाडी आज बाजारात मिळत नाही.

ही गाडी आता आई चालवते. वय ७३. बाबांच्या गुडघ्यांमुळे त्यांना रिक्षात चढणं जमत नाही. दवाखाना, बँक, मंडई, नात्यातली कार्यं, सगळं आई आणि ही गाडी मिळून करतात. गेल्या वर्षी जानेवारीपासून गाडी बंद पडायला लागली. घरातून व्यवस्थित निघायची, पंधरा-वीस मिनिटांनी अप्पा बळवंत चौकातल्या सिग्नलला थरथरायची आणि गप्प व्हायची. एकदा शिवाजी पुलावर बंद पडली, तेव्हा मागच्या बसला कचकन ब्रेक मारावा लागला.

त्यात एप्रिलमध्ये गाडीचं नोंदणी नूतनीकरण होतं. पंधरा वर्षांनंतर ते दर पाच वर्षांनी करावं लागतं, हे तुम्हाला माहीत आहे. त्यासाठी पीयूसी हवी, आणि गाडी पीयूसीत नापास झाली. धुरातला कार्बन मोनॉक्साइड ४.१ टक्के. तिच्या काळातल्या पेट्रोल गाड्यांना मर्यादा ३ टक्क्यांची.

तोपर्यंत दोन गॅरेज झाली होती. पहिल्याने प्लग, एअर फिल्टर, पेट्रोल फिल्टर आणि बॅटरी बदलली. दुसऱ्याने कार्बोरेटर साफ केला आणि "स्लो वाढवून दिलाय" म्हणून सांगितलं. अकरा हजार रुपये गेले आणि गाडी तशीच. आईने काय बिघडलंय असं विचारलं, की "तुम्ही ठेवून जा, संध्याकाळी फोन करतो" हे उत्तर. परदेशातून भाऊ म्हणाला, विकून टाका. बाबाही तयार झाले. आई म्हणाली, "विकायची तर विका. पण आधी तिला काय झालंय ते मला कोणीतरी सांगा."

गाडी गेली असती तर आई नवी मोठी गाडी या बोळात शिकली नसती. तिचं घराबाहेर पडणं आमच्या वेळेवर अवलंबून राहिलं असतं. म्हणून मी दोन शनिवार काढले.

आता थोडं विज्ञान. आपल्या प्रयोगवहीचा क्रम आठवा: उद्देश, साहित्य, कृती, निरीक्षण, अनुमान. माझ्या कामात प्रोग्रॅममधली चूक शोधतानाही हाच क्रम असतो. गॅरेजमध्ये बहुधा गाडी थेट कृतीपासून सुरू होते, निरीक्षण राहूनच जातं.

गाडी उभी आहे, इंजिन चालू आहे, पाय रेसवर नाही. याला आपण आयडलिंग म्हणतो आणि मेकॅनिक 'स्लो' म्हणतात. या वेळी इंजिन मिनिटाला साधारण नऊशे फेरे घेतं. चार स्ट्रोकच्या इंजिनात दोन फेऱ्यांत एका सिलिंडरमध्ये एकदा ठिणगी पडते. म्हणजे तीन सिलिंडर मिळून सेकंदाला साडेबावीस स्फोट. गाडी धावत असते तेव्हा फेऱ्यांना वेग असतो, एखादा स्फोट हुकला तरी तो वेग इंजिनाला पुढे ढकलतो. आयडलिंगला तशी शिल्लक नसते. त्यामुळे एरवी लपलेला छोटा दोष नेमका सिग्नलला उघड होतो.

स्फोटाला तीन गोष्टी लागतात: योग्य प्रमाणात हवा आणि पेट्रोल, वेळेवर ठिणगी, आणि सिलिंडरमध्ये पुरेसा दाब. निदान म्हणजे या तिघांपैकी कोण कमी पडतंय ते ओळखणं. त्यासाठी पाना हातात घेण्याआधी वही घ्या. मी आईला आठवडाभर एक वही दिली. प्रत्येक वेळी गाडी बंद पडली की चार गोष्टी लिहायच्या. इंजिन गार होतं की गरम? रेस दिल्यावर सावरतं का? पुन्हा लगेच सुरू होतं का? दिवे, वायपर, पंखा चालू होता का?

आईच्या वहीत नऊ नोंदी झाल्या. नऊही गरम इंजिनाच्या. नऊही वेळा थोडी रेस धरून ठेवली तर गाडी चालू राहायची. लगेच सुरूही व्हायची. दिव्यांचा काही संबंध दिसला नाही.

एवढ्यावरून बरंच कळतं. पेट्रोलचा पंप किंवा फिल्टर अडला असता तर गाडीने चढावर, जोर लावताना झटके मारले असते, कारण तेव्हा पेट्रोल जास्त लागतं. इथे उलट होतं. तापल्यावर इग्निशन कॉइल दगा देत असती, तर गाडी बंद पडल्यावर निवेपर्यंत सुरूच झाली नसती. ही लगेच होत होती. फक्त गरम असताना आणि फक्त आयडलिंगला बंद पडते, म्हणजे संशय दोघांवर. कार्बोरेटरमधली स्लोची बारीक वाट अडली असावी, किंवा इंजिन कुठूनतरी चोरून हवा घेत असावं. कार्बोरेटर नुकताच साफ झाला होता. उरली हवा. मेकॅनिकांच्या भाषेत, "गाडी एअर घेतेय."

गार असताना मग हे का होत नव्हतं? चोकमुळे. सकाळी आई चोक ओढायची. चोक ओढला की पेट्रोलचं प्रमाण वाढतं आणि स्लोही वाढतो. चोरून येणारी हवा त्यात खपून जायची. इंजिन तापलं, चोक आत गेला, की मिश्रण पातळ पडायचं आणि सिग्नलला इंजिन दम टाकायचं.

ही हवा आत येते कशी, ते आपल्या सातवी-आठवीच्या विज्ञानातच आहे. रेसवर पाय नसतो तेव्हा कार्बोरेटरखालची झडप जवळजवळ बंद असते. पिस्टन मात्र हवा ओढतच असतात. त्यामुळे झडपेच्या पलीकडे, इनटेक मॅनिफोल्डमध्ये, बाहेरच्यापेक्षा बराच कमी दाब तयार होतो. तिथे एखादी नळी चिरली असेल, गॅस्केट बसलं नसेल, तर बाहेरची हवा आत घुसते. ही हवा कार्बोरेटरमधून आलेलीच नसते, त्यामुळे तिच्या वाट्याचं पेट्रोलही तिच्यासोबत नसतं. रेस दिली की झडप उघडते, दाबातला फरक कमी होतो आणि एकूण हवेच्या मानाने ती चोरटी हवा नगण्य ठरते. गाडी सुरळीत.

हे अनुमान झालं. ते पडताळायला साहित्य लागतं आणि अनुभवी हात लागतात. नाना पेठेत स्पेअर पार्टच्या दुकानांमागे एक वयस्कर मेकॅनिक आहेत, सगळे त्यांना चाचा म्हणतात. मी वही दाखवली. त्यांनी ती पूर्ण वाचली आणि म्हणाले, "ताई, अर्धं काम तुमच्या आईने केलंय."

आधी त्यांनी तिन्ही प्लग काढले. निरोगी प्लगचं टोक कॉफीच्या रंगाचं असतं. पेट्रोल जास्त होत असेल तर काजळी धरते, कमी पडत असेल तर पांढुरकं दिसतं. आमचे दोन प्लग काळे होते आणि तिसरा पांढुरका. सगळेच काळे किंवा सगळेच पांढरे असते तर दोष कार्बोरेटरचा म्हणता आला असता. एकच वेगळा, म्हणजे हवा त्या सिलिंडरच्या वाटेजवळ घुसत होती. बाकीचे दोन काळे, कारण आधीच्या गॅरेजने तिसऱ्याची उपासमार भरून काढायला सगळ्यांचंच पेट्रोल वाढवलं होतं. पीयूसीतल्या ४.१ टक्क्यांचा उलगडा तिथेच झाला. कॉम्प्रेशन मोजलं, ते तिन्हींत सारखं भरलं. इंजिन आतून धडधाकट होतं.

मग त्यांनी स्लोचा आणि मिश्रणाचा, असे दोन्ही स्क्रू मूळ जागी आणले. गाडी लगेच जास्त थरथरायला लागली. आई घाबरली, पण मला हे फार आवडलं. आमच्याकडेही मूळ चूक शोधण्याआधी वरून लावलेलं ठिगळ काढावं लागतं. ठिगळ असेपर्यंत खरी चूक दिसत नाही.

त्यानंतर व्हॅक्यूम गेज लावला. मॅनिफोल्डमधला दाब बाहेरच्यापेक्षा किती कमी आहे, हे तो पाऱ्याच्या इंचांत दाखवतो. समुद्रसपाटीला निरोगी इंजिन साधारण १७ ते २१ दाखवतं. पुणे आहे सुमारे ५६० मीटर उंचीवर. इथे हवेचाच दाब कमी, त्यामुळे त्यातून पावणेदोन-दोन इंच वजा करायचे. हे लक्षात ठेवा, नाहीतर पुस्तकातला आकडा पाहून चांगल्या इंजिनाला नावं ठेवाल. आमचा काटा १२ वर होता, पण स्थिर. काटा ठरावीक लयीत झटके देत असेल तर व्हॉल्व्हचा संशय घ्यायचा. खाली पण स्थिर असेल तर हवेची गळती किंवा उशिरा पडणारी ठिणगी. ठिणगीची वेळ त्यांनी टायमिंग लाइटने तपासली, ती बरोबर होती.

शेवटी मॅनिफोल्डवरून निघणाऱ्या रबरी नळ्या. चाचांनी पकडीला फडकं गुंडाळलं आणि एकेक नळी हलकेच दाबून धरली. पहिलीला काही नाही. दुसरीला काही नाही. तिसरी, पेन्सिलएवढ्या जाडीची, दाबली आणि इंजिनाचा आवाज एकदम गोल झाला. सोडली, पुन्हा थरथर. पुन्हा दाबली, पुन्हा गोल. त्यांनी पकड आईच्या हातात दिली. आईने स्वतः दोनदा करून पाहिलं. नळी काढली तर क्लिपखाली, खालच्या बाजूला, नखभर चीर होती. वरून पाहणाऱ्याला ती दिसलीच नसती.

तीस वर्षांचं रबर ते. त्याला दोष तरी काय द्यायचा?

नवी नळी एकशे वीस रुपयांची. शेजारच्या नळ्याही कडक झाल्या होत्या, त्या सगळ्याच बदलल्या. मग इंजिन पूर्ण तापवून, चोक आत ढकलून, दिवे-पंखा बंद ठेवून, एअर फिल्टर जागेवर बसवून दोन्ही स्क्रू नीट लावले. व्हॅक्यूम गेजचा काटा १७ वर आला. पीयूसीत कार्बन मोनॉक्साइड १.६ टक्के. एप्रिलमध्ये नोंदणीचं नूतनीकरण झालं.

नळ्यांचा विषय निघाला म्हणून पेट्रोलबद्दल सांगते, कारण हा प्रश्न आता सगळ्याच जुन्या गाड्यांना आहे. पंपावर आता २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. एक किलो शुद्ध पेट्रोल पूर्ण जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते. इथेनॉलच्या रेणूत ऑक्सिजन आधीच असल्याने त्याला ९ किलो पुरते. २० टक्के मिश्रणाला साधारण साडेतेरा. जुन्या कार्बोरेटरला यातलं काही कळत नाही. तो पूर्वीच्याच प्रमाणात हवा देत राहतो, म्हणजे मिश्रण सुमारे आठ टक्के पातळ होतं. एकीकडे अशी पातळ झालेली गाडी, दुसरीकडे बारीकशी गळती, आणि सिग्नलला दम संपतो. शिवाय इथेनॉल ओलावा ओढतं आणि जुन्या प्रकारच्या रबराला मानवत नाही. त्यामुळे पेट्रोलच्या नळ्या इथेनॉलला टिकणाऱ्या बसवून घ्या, आणि मिश्रणाचा स्क्रू आजच्या पेट्रोलवर लावून घ्या. गाडी महिना-महिना टाकी भरून उभी ठेवू नका.

तुमच्यापैकी बऱ्याच जणींच्या गाड्या २००० नंतरच्या असतील. त्यांत कार्बोरेटर नाही, इंजेक्शन आहे. तिथे स्लोचा स्क्रू फिरवण्याचा प्रश्नच नाही, तो संगणक सांभाळतो. पण तर्क तोच. गाडी आयडलिंगला बंद पडत असेल तर आधी थ्रॉटल बॉडीत साठलेला कार्बन आणि आयडलिंगची हवा सांभाळणारा व्हॉल्व्ह पाहायला सांगा. तो खर्च थोडा असतो. गाडी तापल्यावर अचानक बंद पडून निवेपर्यंत सुरू होत नसेल, तर क्रँक सेन्सरचा संशय घ्या. बॅटरी काढून लावल्यावर स्लो बिघडला असेल, तर बऱ्याचदा संगणकाला तो पुन्हा शिकावा लागतो, थोडा धीर धरा.

गाडी २०१३ नंतरची असेल तर फोनला जोडता येणारा छोटा स्कॅनर घ्या. त्यात 'फ्युएल ट्रिम' नावाचा आकडा दिसतो. संगणक ठरलेल्या मापापेक्षा पेट्रोल किती टक्के वाढवतोय किंवा कमी करतोय, ते तो सांगतो. आयडलिंगला हा आकडा बराच अधिक आणि अडीच हजार फेऱ्यांना जवळजवळ शून्य, म्हणजे हवेची गळती. आमच्या जुन्या गाडीत चाचांनी पकडीने शोधलं, तेच इथे आकडा सांगतो. उलट, फेरे वाढवल्यावर आकडा वाढत गेला तर पेट्रोल कमी पोचतंय, पंप किंवा फिल्टर पाहा.

काळजीच्या दोन गोष्टी. इंजिन चालू ठेवून काही पाहायचं असेल तर गाडी उघड्यावर आणा. बंद पार्किंगमध्ये किंवा वाड्याच्या बोळात नको. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, रंग नसतो, आणि तो जीव घेतो. गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला, ओढणी, पदर आणि वेणी घट्ट बांधलेली. रेडिएटरचा पंखा आपोआप सुरू होतो, तो कुणाला विचारत नाही. प्लगच्या जाड वायरला चालू इंजिनात हात लावू नका. गळती शोधायला काहीजण पेट्रोलसारखे स्प्रे मारतात, ते गरम इंजिनावर पेटू शकतात. नळ्या दाबून पाहणं जास्त सुरक्षित.

आणि मेकॅनिककडे जाल तेव्हा तीन प्रश्न विचारा. कशावरून तुम्हाला हा पार्ट खराब वाटतो? बदलण्याआधी तो तपासून दाखवता का? काढलेला जुना पार्ट मला द्याल का? चांगला मेकॅनिक या प्रश्नांनी रागावत नाही. उलट त्याचं काम सोपं होतं. जो म्हणतो, "तुम्हाला कळणार नाही," त्याच्याकडून गाडी परत घ्या. आपल्याला याच शाळेत प्रयोगशाळेत उभं करून विचारायला शिकवलंय. बाई, तुमचं वाक्य अजून कानात आहे, "निरीक्षण लिहिलं नसेल तर अनुमान वाचणार नाही." माझ्या हाताखाली आता बारा मुलंमुली काम करतात, त्यांना मी हेच सांगते. ते तुमचं आहे, हे त्यांना माहीत नाही.

आई आजही त्या वहीत लिहिते. पेट्रोल किती, किलोमीटर किती, कोणत्या दिवशी कसला आवाज आला. मागच्या महिन्यात तिने मला फोन करून सांगितलं, "स्लो जरा खाली आलाय, पण रेस दिली की बरा होतो. आधी नळ्या बघते." मी काही बोलले नाही. तिने बघितल्या, एक क्लिप सैल झाली होती.

गाडी बाहेर फाटकाशी उभी आहे. जेवण झाल्यावर ज्यांना पाहायचं असेल त्यांनी या. मी बॉनेट उघडून ठेवते. ती चिरलेली नळीही आणली आहे, हातात घेऊन बघा.